एकतिसावं घड्याळ

नोल्बेर्तो ओयार्सोला वाढदिवसाला बोलावलं की घरातल्या बायका आधीच वैतागायच्या. आमच्या पुंता अरेनासमध्ये आठचं आमंत्रण म्हणजे साडेनऊ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा गृहस्थ मात्र आठाच्या ठोक्याला दार वाजवायचा. यजमानीण ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून दार उघडायची, यजमान अजून आंघोळीत असायचा, आणि हा टोपी मांडीवर ठेवून रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसून राहायचा. "बसा हं ओयार्सो, कोकरू अजून विस्तवावरसुद्धा चढलेलं नाही," असं कुणी टोचून म्हटलं, की तो शांतपणे म्हणायचा, "माझी काही घाई नाही. मी फक्त वेळेवर आलोय." माणूस तसा निरुपद्रवी आहे, असंच आम्ही सगळे समजत होतो.

तरुणपणी तो नौदलात होता. सामुद्रधुनीच्या तोंडाशी एका दीपगृहावर बिनतारी यंत्र सांभाळायचा. रोज ठरलेल्या वेळी आकाशातून टिक टिक करत वेळेचा इशारा यायचा आणि त्यावर दीपगृहाचं घड्याळ लावायचं, हे त्याचं काम. सात वर्षांत त्यानं एक दिवस चुकवला नाही. पुढे नौदल सुटलं, लग्न झालं, मुलगी झाली, आणि शहराबाहेरच्या मासळीच्या कारखान्यात तो संगणक सांभाळायला लागला. तिथंही त्याचा जीव घड्याळांतच.

कारखान्यात एकतीस संगणक होते. फाटकावर बोटाचा ठसा घेणारा, वजनकाट्यांवरचे, खोक्यांवर तारीख आणि वेळ छापणारे, धोक्याचा भोंगा वाजवणारा, आणि सगळ्यात मागे यंत्रघरातला, जिथून मासे गोठवणाऱ्या अमोनियाच्या नळ्या उघडायच्या आणि बंद व्हायच्या. प्रत्येकाच्या पोटात एक घड्याळ, आणि प्रत्येक घड्याळाची लहर वेगळी. एक दिवसाला सेकंदभर पुढे पळायचं, दुसरं दोन सेकंद मागे रेंगाळायचं. त्या सगळ्यांना एका ओळीत ठेवायचं काम नोल्बेर्तोचं. काम नीट झालं की कुणाला ते दिसायचंच नाही, त्यामुळे चांगलं म्हणायलाही कधी कुणी आलं नाही.

"म्हणजे दिवसभर तुम्ही करता तरी काय, कोंपाद्रे?" एलियेसेर कार्कामो त्याला विचारायचा.

एलियेसेर यंत्रघराचा माणूस. दोघंही चिलोए बेटांवरून पोटासाठी इकडे आलेल्या घरांतले, एकाच गल्लीत एकमेकांची डोकी फोडत वाढलेले. पण नोल्बेर्तोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला एलियेसेर धर्मपिता झाला, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणू लागले, चक्क अहो-जाहो करू लागले. आमच्यात तसंच असतं. सख्ख्या भावाला शिवी हासडता येते, कोंपाद्रेला नाही.

"मी काही करत नाही. यंत्रंच करतात," नोल्बेर्तो म्हणायचा. "तुमचं यंत्र आमच्या थोरल्या यंत्राला विचारतं, वाजले किती? थोरलं सांगतं. पण उत्तर तारेतून यायला वेळ लागतो की नाही? तोवर ते शिळं झालेलं असतं. म्हणून विचारल्यापासून उत्तर येईस्तोवर किती वेळ गेला ते तुमचं यंत्र मोजतं, त्याचं निम्मं करतं आणि उत्तरात मिळवतं."

"आणि थोरलं कुणाला विचारतं?"

"राजधानीतल्या यंत्राला. ते त्याच्याहून थोरल्याला. शेवटी एक अणूचं घड्याळ असतं, ते कुणालाच विचारत नाही."

"आमच्या साहेबासारखं."

"साहेब चुकतो."

एलियेसेर खो खो हसायचा आणि मातेचा कडू काढा नळीनं ओढत म्हणायचा, "अहो, पण माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं म्हणून गोठलेला मासा काय पोहायला लागणार आहे?"

यावर नोल्बेर्तो हसत नसे. "उद्या काही विपरीत घडलं तर आधी काय झालं आणि नंतर काय, हे कोण सांगणार? यंत्रांनी लिहून ठेवलेलंच बघणार ना? दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसली तर नंतर झालेलं आधी होतं आणि आधी झालेलं नंतर. भलत्याच माणसाच्या गळ्यात येतं, कोंपाद्रे."

हे तो बोलला होता. स्वतःच्या तोंडानं बोलला होता. म्हणून मला त्याची कीव करता येत नाही.

आता राजधानीबद्दल सांगायला हवं. आमचा मुलूख चिली देशाच्या पार शेपटाला. एप्रिलात हिवाळा लागला की राजधानीवाले घड्याळ तासभर मागे घेतात. आम्ही घेत नाही, कारण घेतलं तर आमच्याकडे दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. सरकारनं तसा हुकूमही काढलाय. पण हा हुकूम राजधानीतल्या माणसाला दरवर्षी नव्यानं कळतो. त्या एप्रिलमध्ये कंपनीच्या मुख्य कचेरीतल्या कुणी शहाण्यानं देशभरातल्या सगळ्या यंत्रांना एकच वेळ लावून टाकली, आणि सोमवारी सकाळी आमच्या कारखान्यातले एकतीसच्या एकतीस संगणक एक तास मागे गेले. बायका कामावर आल्या तर फाटकावरचं यंत्र बोटाचा ठसा घेईना, म्हणे पाळी सुरू व्हायला तास आहे. संध्याकाळी उलटं. घरी नेणाऱ्या गाड्या आपल्या वेळेला निघून गेल्या आणि यंत्र म्हणतंय पाळी संपलेली नाही. पन्नास बायका फाटकाशी वाऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी नोल्बेर्तोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्यानं राजधानीला फोन लावला.

"तुमच्याकडे किती वाजलेत?" तिकडचा पोरगेला आवाज.

"अकरा."

"आमच्याकडे दहा. म्हणजे तुमचं चुकलंय."

"आमचं काही चुकलेलं नाही. आम्ही मागायानेस प्रांतातले आहोत."

"पण चिलीतच ना?"

"मलाही कधीकधी शंका येते," नोल्बेर्तो म्हणाला.

"बरं, तक्रार नोंदवून घेतलीय. कळवू."

मग त्यानं तेच केलं जे आमच्याकडे शाळेतले, बँकेतले, घरोघरचे लोक एप्रिलमध्ये करतात. राजधानीचं ऐकणंच बंद करून टाकायचं आणि घड्याळ हातानं लावायचं. एकेका यंत्रापाशी जाऊन त्यानं विचारणं बंद केलं आणि मनगटावरच्या घड्याळावरून वेळ लावली. त्याच्यासारख्याला ते करताना कसंसंच झालं असणार. तीन आठवड्यांनी राजधानीला जाग आली, चूक दुरुस्त झाली, आणि हा पुन्हा एकेका यंत्राला विचारायला लावत फिरला.

तीस यंत्रं झाली. एकतिसावं यंत्रघरातलं. ते बंद करून पुन्हा चालू करावं लागणार होतं, आणि त्यासाठी गोठवणी पाव तास थांबवायची. हंगाम जोरात होता. साहेब म्हणाला, "नंतर बघू." नोल्बेर्तो हट्ट धरू शकला असता. बारीकसारीक सेकंदांवरून त्यानं याआधी साहेबाचं डोकं खाल्लेलं होतंच. पण त्या वेळी तो दमला होता, बायकांच्या शिव्या ताज्या होत्या, आणि त्यानंही मनाशी म्हटलं, नंतर. मे गेला, जून गेला. यंत्रघरातलं घड्याळ कुणालाही न विचारता दिवसाला सव्वा-दीड सेकंद पुढे सरकत राहिलं. साहेब विसरून गेला; ते लावायचं राहिलंय हे साऱ्या कारखान्यात एकट्या नोल्बेर्तोच्याच लक्षात होतं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी पॅकिंगच्या हॉलवरच्या अमोनियाच्या नळीचा सांधा फुटला. त्या सांध्याचं रबर कुजलंय, बदला, असं एलियेसेरनं तीनदा लेखी दिलेलं होतं. दहा बेचाळीसला भोंगा झाला. एलियेसेर यंत्रघराच्या दारात होता. तो संगणकाच्या पडद्यापाशी धावला आणि मुख्य झडप बंद केली. तोवर नळीत होता तेवढा वायू खाली उतरला होता. बायका तोंडावर एप्रन धरून पळाल्या. शेवटच्या टेबलावरची रोसेन्दा नाहुएल ओल्या फरशीवर घसरली आणि उठू शकली नाही. चोवीस वर्षांची पोर, म्हाताऱ्या आईची एकुलती एक. रुग्णवाहिकेतच गेली.

दुपारी हवा मोकळी झाल्यावर साहेबानं नोल्बेर्तोला यंत्रांच्या नोंदी काढून आणायला सांगितलं. भोंग्याच्या यंत्राची नोंद होती दहा बेचाळीस आणि पाच सेकंद. यंत्रघरात जाऊन त्यानं झडपेची नोंद पाहिली. दहा सेहेचाळीस आणि एकतीस सेकंद. त्यानं मनगटाकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या घड्याळाकडे. ते चार मिनिटं अकरा सेकंद पुढे होतं. म्हणजे एलियेसेरनं पंधरा सेकंदांत झडप बंद केली होती, आणि कागदावर लागणार होती साडेचार मिनिटं.

गोठवणी तर अपघातानं बंदच पडली होती, सहा महिने जी पाव तासाची सवड मिळत नव्हती ती आता हवी तेवढी होती. नोल्बेर्तोनं यंत्र बंद करून चालू केलं, त्याला थोरल्या यंत्राला विचारायला लावलं, आणि घड्याळ बरोबर झालं. ते जुनं यंत्र, वेळ बदलल्याची नोंद ठेवत नव्हतं; झडपेची आधीची नोंद मात्र होती तशीच राहिली. हे त्यानं घाबरून केलं की चुकलेलं घड्याळ बघवलं नाही म्हणून हात आपोआप गेला, हे त्याला स्वतःला आजवर सांगता आलेलं नाही. मी सांगतो. दोन्ही.

तिसऱ्या दिवशी राजधानीहून कंपनीचा वकील आला. कामगार निरीक्षकाकडे पाठवायचे कागद त्यानं टेबलावर पसरले, एलियेसेरला समोर बसवलं आणि नोल्बेर्तोला बाजूला.

"दहा बेचाळीसला भोंगा. दहा सेहेचाळीसला झडप. मधली चार मिनिटं काय करत होतात?"

"चार मिनिटं कुठली? मी लगेच धावलो."

"यंत्र तसं म्हणत नाही, कार्कामो."

"मी धावलो हो. दारातून पडद्यापर्यंत बारा पावलं. बारा पावलांना चार मिनिटं लागतात का?"

"तेच तर मी विचारतोय."

एलियेसेर गोंधळला. मग त्याचा चेहरा जरा उजळला आणि तो वळला. "कोंपाद्रे, तुम्ही सांगा की. यंत्रांची घड्याळं बरोबर आहेत का?"

नोल्बेर्तोच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. मुलीचं लग्न व्हायचं होतं. आणि याहून मोठं म्हणजे, गावात ज्या एका गोष्टीसाठी त्याला ओळखत होते तीच त्यानं चुकवली होती, हे या परक्या वकिलासमोर कबूल करायचं होतं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "सगळी घड्याळं बरोबर आहेत."

वकिलानं तसं लिहून त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं सही केली. त्या दिवशी कारखान्यातली एकतीस घड्याळं खरोखरच बरोबर होती, तेव्हा कागद खोटा नव्हता, असं त्यानं नंतर कित्येक महिने स्वतःला समजावलं. अशी समजूत ज्याला काढावी लागते त्याला झोप लागत नसते, हे काय वेगळं सांगायला हवं?

एलियेसेरला काढून टाकलं. सांध्याच्या रबराचं पुढे कुणी नावच काढलं नाही, कारण दोषी सापडलेला होता. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. पावाच्या दुकानात तो शिरला की बायका बोलायच्या थांबायच्या. आम्हीही त्याला पाहून रस्ता ओलांडला. मी स्वतः ओलांडलाय, खोटं कशाला बोलू. नोल्बेर्तो तर शनिवारी त्याच्याकडे पत्ते खेळायला जायचा तेही बंद झालं. एलियेसेर बायकोला म्हणाला, "कोंपाद्रेला माझी लाज वाटते, नेल्दा. वाटणारच."

पुढच्या सप्टेंबरात नोल्बेर्तो निवृत्त झाला. कागदपत्रं हातात पडली, पेन्शन पक्की झाली, आणि चौथ्या दिवशी दुपारी तो एलियेसेरच्या दारात उभा राहिला. धीर यायला पेन्शनची वाट बघावी लागली, यावरून माणूस ओळखा.

एलियेसेर स्वयंपाकघरात चुलीपाशी बसला होता. केस पार पांढरे झाले होते. त्यानं खुर्ची पुढे केली, माते भरलं. नोल्बेर्तोनं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. एप्रिलमधली भानगड, तीस घड्याळं, एकतिसावं राहिलेलं, चार मिनिटं अकरा सेकंद.

"तुम्ही पंधरा सेकंदांत बंद केलीत, कोंपाद्रे. पंधरा."

एलियेसेरनं बराच वेळ नळी ओढली. भांडं कोरडं होऊन खरखरायला लागलं तरी ओढत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "तसं नाही झालं."

"अहो, मी डोळ्यांनी घड्याळ पाहिलंय."

"मला आठवतंय ना. भोंगा वाजत होता. मी माते भरत होतो, असंच. म्हटलं, हा भोंगा रोजच वाजतो, एवढं पाणी ओतून जातो. किटलीत पाणी कमी होतं. मी नळ सोडला."

"कोंपाद्रे, तुम्ही दारात होता. तुम्हीच तेव्हा म्हणाला होता."

"तेव्हा मला काहीच आठवत नव्हतं. तो वकील विचारत राहिला, काय करत होता, काय करत होता. मग निरीक्षकानं विचारलं. मग नेल्दानं विचारलं. चार मिनिटं कुठेतरी गेली असणारच ना? तुम्हीच म्हणाला घड्याळं बरोबर आहेत. तुम्ही म्हणाला म्हणजे प्रश्नच मिटला. मग मी शोधत बसलो. रोज थोडं थोडं आठवत गेलं."

नोल्बेर्तो खुर्चीत बसला. "मी निरीक्षकाकडे जातो. लिहून देतो," तो कसाबसा म्हणाला.

"काय दाखवणार त्याला? घड्याळ तर बरोबर आहे. तुम्हीच केलंत."

"माझा शब्द देईन."

"तुमचा शब्द आहे त्यांच्याकडे. सहीनिशी आहे."

बाहेर वाऱ्यानं पत्रा धडधडत होता. एलियेसेरनं किटली चुलीवर सरकवली आणि पाठमोराच बोलत राहिला. "मी तिच्या आईकडे गेलो होतो, ठाऊक आहे? क्लोरिंदाकडे. हिवाळ्यात. पहिल्यांदा तोंडावर दार आपटलं. दुसऱ्यांदा थुंकली. तिसऱ्यांदा मी दाराबाहेरूनच सांगितलं, मावशी, मी माते भरत होतो, तुमची पोर खाली मरत होती आणि मी पाणी भरत होतो. तेव्हा दार उघडलं तिनं. दर रविवारी लाकडं फोडायला जातो आता. तिला दुसरं कोण आहे?"

"तिला मी सांगतो. तुमच्याबरोबर येतो. आत्ता चला."

"आणि काय सांगाल? की रबर कुजलं होतं आणि राजधानीत एका पोरानं एक बटण दाबलं होतं? कुणाला शिव्या द्यायच्या तिनं, रबराला?" एलियेसेर वळला. डोळे लाल झाले होते. "अकरा महिने, नोल्बेर्तो ओयार्सो. त्या टेबलावर तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी तिच्या दारात कधी गेलोच नसतो. आता मी गेलोय. आता ते खरं झालंय."

नोल्बेर्तो घरी आला. त्याला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर वाटेत त्याला थोडं हायसं वाटलं. एलियेसेरला नको आहे म्हणजे आता निरीक्षकाकडे जायला नको, कबुली द्यायला नको. आणि हायसं वाटलं हे लक्षात आल्यावर तो रस्त्यातच कुंपणाला धरून ओकला. शेजारच्या बाईनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, निवृत्तीची पार्टी अजून उतरलेली नाही.

रविवारी मात्र तो उठला, दाढी केली, चांगला कोट घातला आणि क्लोरिंदाच्या वस्तीकडे निघाला. एलियेसेर काही म्हणो, म्हातारीला सांगायचंच, असं ठरवून निघाला होता. कोपऱ्यावरच्या कुंपणापाशी पोचला तेव्हा एलियेसेर कुऱ्हाड खांद्यावर टाकून तिच्या फाटकातून आत शिरत होता. म्हातारीनं दार उघडलं. काळी शाल, काठी. वारा तिकडून त्याच्याच दिशेनं वाहत होता, शब्द न् शब्द ऐकू आला.

"आलास, खुन्या?"

"आलो, मावशी."

"उशीर केलास आज. मागची ओली लाकडं आधी घे, नाहीतर रात्री धूर होतो मला. आणि फोडून झाल्यावर आत ये. बटाट्याचे वडे केलेत, गार होतील."

"हो, मावशी."

नोल्बेर्तो कुंपणाला धरून उभा राहिला. फाटक दहा पावलांवर होतं. कुऱ्हाडीचे घाव पडायला लागले आणि बराच वेळ पडत राहिले. मग एलियेसेर लाकडाची मोळी उचलून पाय झाडत आत गेला. म्हातारीनं त्याच्यामागून दार लावून घेतलं, आणि नोल्बेर्तो कोटाची कॉलर वर करून परत फिरला.